आधी रक्कम कोर्टात, मग भांडण

नोकरी लागली की पहिली पॉलिसी काढायची आणि नॉमिनी म्हणून आईचे नाव घालायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. पुढे लग्न होते, मूल होते, घराचे हप्ते सुरू होतात. पॉलिसीवरचे नाव मात्र तसेच राहते. मग तो माणूस अचानक जातो आणि विमा कंपनीकडे दोन अर्ज येतात, एक आईचा आणि एक बायकोचा. कर्नाटक उच्च न्यायालयापुढे 2025 मध्ये आलेले प्रकरण याच धाटणीचे होते. न्यायालयाने आई, पत्नी आणि मूल या तिघांना सारखा वाटा दिला.

अशा भांडणात खोटे कोणीच बोलत नसते, हीच त्यातली अडचण. हिंदू उत्तराधिकार कायद्यात मृत पुरुषाची आई, विधवा, मुलगे आणि मुली हे सगळेच पहिल्या वर्गाचे वारस आहेत. (वडील दुसऱ्या वर्गात जातात, हे अनेक कुटुंबांना वकिलाच्या कार्यालयातच पहिल्यांदा कळते.) नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सर्बती देवी खटल्यात डिसेंबर 1983 मध्येच सांगितले. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत हाच निष्कर्ष मुंबईतून गेलेल्या शक्ती येझदानी खटल्यात डिसेंबर 2023 मध्ये निघाला. मधल्या काळात, 2015 च्या दुरुस्ती कायद्याने, विमा कायद्याच्या कलम 39 मध्ये नवी तरतूद आली: आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर रकमेवरचा लाभाचा हक्कही त्यांचाच. वाचायला हे स्पष्ट आहे. पण वारसांनी आपला वाटा मागितला तर या तरतुदीने वारसा कायदा बाजूला पडत नाही, असे कर्नाटकच्या निकालाने म्हटले. म्हणजे ज्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिले असे वाटत होते, तो पुन्हा न्यायाधीशापुढे गेला.

आता कंपनीच्या जागी बसून पाहू. पॉलिसीवर नॉमिनीचे नाव आहे आणि न्यायालयाचा मनाई हुकूम नाही, तर नॉमिनीला पैसे देऊन कंपनी मोकळी होते. कायदा तिला तेवढे संरक्षण देतो. पण त्यानंतर काय होते? रक्कम नॉमिनीच्या खात्यात जाते, तिथून कुठे ठेवीत, कुठे कर्जफेडीत, कुठे धाकट्या मुलाच्या धंद्यात. दोन-तीन वर्षांनी सुनेच्या बाजूने निकाल लागतो, तेव्हा वाटायला काही उरलेले नसते. तिच्या हातात हुकूमनामा असतो आणि सासूविरुद्ध वसुलीची दरखास्त लावायची वेळ येते. दुसरी पद्धतही तितकीच परिचयाची: दोन अर्ज दिसले की फाइल थांबवायची आणि ‘सक्सेशन सर्टिफिकेट आणा’ असे पत्र धाडायचे. कोर्ट फी, वकील, तारखा हे सगळे मग ज्या घरातला कमावता गेला त्याच घरावर पडते.

तिसरी वाट कायद्यात आहे, पण तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 88 आणि आदेश 35 खालील इंटरप्लीडर दाव्यात ज्याच्या हाती पैसा आहे तोच वादी होतो. ‘रक्कम माझी नाही, ती द्यायला मी तयार आहे, पण मागणारे एकाहून जास्त आहेत, कोणाला द्यायची ते तुम्ही ठरवा,’ एवढेच तो सांगतो. रकमेत आपला स्वतःचा हक्क नाही आणि कोणत्याही दावेदाराशी आपले संगनमत नाही, हे त्याने दाव्यात लिहून द्यायचे असते. न्यायालय रक्कम आपल्याकडे जमा करून घेऊ शकते, पहिल्याच सुनावणीला वादीला जबाबदारीतून मुक्त करू शकते आणि पुढचा खटला दावेदारांमध्येच चालतो. आयुर्विम्यासाठी तर विमा कायद्याच्या कलम 47 मध्ये वेगळी सोय आहे. परस्परविरोधी दाव्यांमुळे कंपनीला निर्धोक पावती मिळत नसेल, तर ती अर्ज करून रक्कम न्यायालयात भरू शकते. ती रक्कम निकालापर्यंत सरकारी रोख्यांत गुंतवली जाते.

हे साधन किती गरजेचे आहे ते अमेरिकी विमा कंपन्यांना चटका बसून कळले. न्यू यॉर्क लाइफच्या एका पॉलिसीच्या रकमेवर, तीही मृत्यूची नव्हे, बाप पेनसिल्व्हेनियात आणि मुलगी कॅलिफोर्नियात हक्क सांगत होते. पेनसिल्व्हेनियातल्या न्यायालयामार्फत रक्कम बापाला मिळाली. पण मुलगी त्या न्यायालयाच्या कक्षेत नव्हती, म्हणून तो निकाल तिला लागू नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1916 मध्ये ठरवले आणि कंपनीला तीच रक्कम पुन्हा मोजावी लागली. पुढच्याच वर्षी काँग्रेसने वेगवेगळ्या राज्यांतल्या दावेदारांना एकाच संघीय न्यायालयात बोलावण्याचा कायदा केला.

आपल्याकडे नॉमिनीच्या पावतीने कंपनी सुरक्षित असल्यामुळे कोर्टात जाण्याची घाई तिला कधी वाटली नाही. आमचा आक्षेप इथेच आहे: कायद्याने कंपनीची काळजी घेतली, पण रकमेची घेतली नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये विद्याधरी प्रकरणात जे केले ते या दृष्टीने शिकण्यासारखे आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या एका कामगाराच्या देण्यांवर पहिली पत्नी आणि नॉमिनी असलेली, चार मुलांची आई अशी दुसरी स्त्री, दोघींचे दावे होते. सक्सेशन सर्टिफिकेट नॉमिनीला मिळाले, पण पहिल्या पत्नीचा पाचवा हिस्सा राखून ठेवायला लावून. आधी पैसा सांभाळायचा, हक्काचा निवाडा नंतर, हा तो क्रम.

अर्थात प्रत्येक रुसव्यासाठी कंपनीने कोर्ट गाठावे असे नाही. पॉलिसी 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पत्नी-मुलांच्या नावे काढलेली असेल, तर ती त्यांच्यासाठीचा विश्वस्त निधीच असते. तिथे दिराच्या अर्जाने काही अडत नाही. आजार लपवला म्हणून दावाच नाकारायचा असेल, तर कंपनी तटस्थ राहत नाही आणि तिला इंटरप्लीडरचा आधार घेता येत नाही. सर्व पक्षांचे हक्क ठरवू शकेल असा दावा आधीच चालू असेल, तर दुसरा लावायला संहितेचीच मनाई आहे. पण नॉमिनी बदलल्याचा अर्ज खोटा असल्याचा आरोप असेल, किंवा विमेदाराच्या खुनाचा संशय नॉमिनीवरच असेल, तिथे रक्कम कोणाच्या खात्यात टाकण्याआधी न्यायालयात जाणे हेच शहाणपणाचे. दावे खरोखर परस्परविरोधी असतील तर कलम 47 चा अर्ज किती दिवसांत करायचा, याची मुदत विमा नियामकाने ठरवून द्यावी.

कुटुंबांनीही कंपनी कोणत्या कलमाखाली आली आहे ते पाहावे. इंटरप्लीडर दाव्यात कंपनीच्या खर्चाचा बोजा त्याच रकमेवर पडू शकतो; कलम 47 खाली अर्जाचा खर्च कंपनीला स्वतः सोसावा लागतो. मधल्या काळात मुलाच्या फीसाठी जमा रकमेतून काही मिळावे असा अर्ज विधवेला तिथेच करता येतो. तो मान्य करायचा की नाही, हे न्यायालय ठरवते.