दुसरा सर्व्हर आहे म्हणता? मग पहिल्याची वायर काढून दाखवा!

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या."

हे वाक्य ऐकलं नाही असा एक माणूस आपल्या तालुक्यात दाखवा. परवा एका कार्यालयात दाखल्यासाठी आलेली शेतमजूर बाई दुपारी तीनपर्यंत बाकड्यावर बसली आणि रिकाम्या हाताने परत गेली. तिची दिवसाची मजुरी कोण देणार?

साहेबांना विचारलं. म्हणाले, "अहो, दोन सर्व्हर आहेत. एक बंद पडला की दुसरा आपोआप काम उचलतो." मी विचारलं, "मग आज का नाही उचललं? आणि याची चाचणी शेवटची कधी घेतली?" साहेब गप्प. त्यांचाही दोष नाही म्हणा, सर्व्हर काही त्यांच्या टेबलाखाली नाही. उत्तर वरच्यांनी द्यायचंय.

मंडळी, गोष्ट साधी आहे. दोन्ही सर्व्हर एकमेकांना सतत "मी जिवंत आहे" असा संदेश पाठवत असतात. पहिल्याचा संदेश थांबला की दुसऱ्याने ताबा घ्यायचा. कागदावर झकास! प्रत्यक्षात दुसऱ्याकडची माहिती जुनी असते, नाहीतर पासवर्डची मुदत संपलेली असते, नाहीतर दोघांची वीज एकाच बोर्डावरून आलेली असते. कधी मधली वायरच तुटते आणि दोघेही स्वतःला मालक समजून वेगवेगळ्या नोंदी करत सुटतात. हे सगळं कळतं कधी? चाचणी घेतली तरच.

मोठ्यांचीही फजिती होते. २४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार पावणेबाराच्या सुमारास थांबले, ते पावणेचारला सुरू झाले. पर्यायी केंद्र होतं, पण व्यवहार तिकडे हलवलेच नाहीत. पुढे २ मार्च २०२४ ला, शनिवार असूनही, बाजार मुद्दाम उघडला. आधी मुख्य केंद्रावरून आणि मग पर्यायी केंद्रावरून खरे सौदे करून पाहिले. तेही आधी जाहीर करून!

शेअरवाल्यांसाठी हे होतं, मग सातबारावाल्यांसाठी का नाही?

"चालू यंत्रणा बंद केली तर लोकांची गैरसोय होईल," असं सांगतील. अहो, रविवारी सांगून अर्धा तास बंद ठेवलेलं परवडलं, की पीकविम्याच्या शेवटच्या तारखेला न सांगता दिवसभर?

मागणी एवढीच. दर तीन महिन्यांनी, तारीख जाहीर करून, पहिल्या सर्व्हरची वायर खरोखर काढा. नोंदी चालू असताना काढा. दुसऱ्याने किती मिनिटांत काम उचललं, शेवटची नोंद शाबूत राहिली का आणि काम पुन्हा पहिल्यावर नीट परत आलं का, हे कार्यालयाच्या फलकावर लावा.

तोवर "दुसरा सर्व्हर आहे" हे आम्हाला सांगू नका. खरेदीचं बिल दाखवून रांग पुढे सरकत नाही.

तुमच्याकडे या महिन्यात किती वेळा "उद्या या" ऐकलंत? तारखेसह कमेंटमध्ये लिहा. यादी घेऊन मीच जातो.