कावीळ उतरते, पण कोणाची?

पावसाळा मध्यावर आला की कावीळ उतरवणाऱ्यांच्या अंगणात गर्दी वाढते. कोणी गळ्यात माळ घालतं, कोणी नाकात थेंब सोडतं, कोणी चुन्याच्या पाण्याने हात धुऊन खाली पडलेलं पिवळं पाणी दाखवतं. कुठे मनगटावर डागही देतात. पैसे बहुधा मागत नाहीत, नारळ ठेवला की झालं. आणि बहुतेक रोगी बरे होतात, म्हणून हा विश्वास पिढ्यान्‌पिढ्या टिकला आहे.

ते बरे होतात याचं कारण आजारातच आहे. दूषित पाण्यातून, अन्नातून येणारा हिपॅटायटिस ए किंवा ई बहुतेकांच्या शरीरातून काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. माळेच्या ओल्या काड्या वाळतात, गाठी सैल होतात, माळ लांबत जाते. त्याच दिवसांत यकृतही सावरत असतं आणि श्रेय माळेला मिळतं. पण ज्या थोड्यांचा आजार आपोआप ओसरणार नसतो, त्यांचे उपचाराचे दिवस या वाट पाहण्यात निघून जातात. माझा आक्षेप त्या दिवसांवर आहे.

पिवळे डोळे हे फक्त लक्षण. त्यामागे हिपॅटायटिस बी किंवा सी असू शकतो, दारू, पित्तनलिकेत अडकलेला खडा, मलेरिया, क्षयाच्या गोळ्यांचा त्रासही असू शकतो. भातखाचरात राबणाऱ्याला ताप आला, पोटऱ्या ठणकल्या आणि डोळे पिवळे झाले तर लेप्टोची शंका घ्यावी लागते. तिथे एक दिवसाचा उशीरही महागात पडतो. नुसत्या डोळ्यांकडे बघून यातलं काहीच वेगळं करता येत नाही. त्यासाठी रक्त तपासावं लागतं.

सुरुवात बहुधा अन्नाच्या शिसारीने होते. मळमळ, कणकण, उजव्या बरगडीखाली दुखणं, मग गडद लघवी. डोळे उजेडात, दिवसा पाहावेत. पिवळ्या दिव्याखाली फसगत होते. एवढं दिसलं की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठावा. अंगदुखीची गोळी, काढा, दारू, काहीही स्वतःच्या मनाने घेऊ नये.

काही रोग्यांना मात्र थेट रुग्णालयातच न्यायला हवं. पोटात पाणीही ठरत नाही, बोलणं असंबद्ध झालंय, दिवसा झोप आणि रात्री जाग, हिरड्यांतून रक्त, काळी शौच, पोट फुगलेलं: यातलं एकही चिन्ह दिसलं तर सकाळची वाट पाहू नये. यकृत हरत चालल्याची ही खूण असू शकते. जन्मानंतर पहिल्या चोवीस तासांत पिवळं पडलेलं बाळही याच यादीत.

आणि गर्भवती. हिपॅटायटिस ई शेवटच्या तिमाहीत झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. 2012 साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे याच आजाराची मोठी साथ आली आणि माणसं दगावली. पोटुशी बाईला कावीळ झाली की घरात उपचाराची चर्चाच नको, गाडी काढावी.

बी आणि सी मात्र रक्तातून, असुरक्षित संबंधांतून, आईकडून बाळाला जातात आणि वर्षानुवर्षं गुपचूप यकृत पोखरतात. 28 जुलै 2018 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्यांची तपासणी आणि औषधं सरकारी रुग्णालयात मोफत आहेत. सी बहुतेकांचा तीन महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. बीची लस बाळाला जन्मानंतर चोवीस तासांत मिळायला हवी.

माळ घालणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या शब्दाला गावात वजन आहे, ते वापरा. रक्ताचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय कोणाला हात लावू नका, आणि गर्भवतीला किंवा ग्लानीतल्या रोग्याला अंगणातूनच दवाखान्यात धाडा. ग्रामसभांनी हा नियम ठराव करून मान्य करून घ्यावा. लोक आधी तुमच्या दारी येतात, म्हणून त्यांना वेळेत पुढे पाठवण्याची पहिली जबाबदारीही तुमची आहे.