पोरांच्या ताटातले अंडे वर्गणीवर का?

शाळेत दुपारचे जेवण घेणाऱ्या मुलांना आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे, असे महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर 2023 मध्ये ठरवले. जे अंडे खात नाहीत, त्यांना केळे. सव्वा वर्षही उलटले नाही तोच, जानेवारी 2025 मध्ये, शासनाने हात आखडता घेतला. अंडा पुलाव, तांदळाची खीर, नाचणी सत्त्व हे पदार्थ ऐच्छिक झाले. अंड्याला आणि साखरेला वेगळा निधी नाही. हवे असेल तर शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून पैसा उभा करावा, असा निर्णय निघाला.

पण हा पैसा द्यायचा कुणी? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांच्या गावात दिवाळीच्या सुमारास गाव रिकामे होऊ लागते. आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर, मागे आजी आणि शाळेत जाणारी नातवंडे. समितीने वर्गणीची पावती फाडायची ती या आजीच्या नावाने? बाजारपेठेच्या गावात एखादा दुकानदार, नाहीतर निवडणुकीला उभा राहू पाहणारा पुढारी हात सैल सोडेल आणि तिथल्या पोरांना अंडे मिळेल. अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यावर पावती फाडायला ना दुकानदार, ना पुढारी. ज्या मुलाला गरज जास्त, त्याच्याच ताटात कमी पडावे, अशी ही व्यवस्था आहे.

आणि गरज किती आहे, हे सरकारी पाहणीच सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या 35 टक्के मुलांची वाढ खुंटलेली आढळली. 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 57 टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी. पहिलीच्या वर्गात येऊन बसतात ती हीच वाढ खुंटलेली मुले. ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी खाणाऱ्या पोराच्या पोटात सकाळपासून काय गेले आहे, हे गुणवत्तेच्या आढावा बैठकीत कुणी विचारत नाही.

नियमाने पहिली ते पाचवीच्या मुलाला या जेवणातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. मे 2025 पासूनचा दर पाहा: तांदूळ वगळून डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन यांसाठी एका मुलामागे दिवसाला 6 रुपये 78 पैसे, तेही केंद्र आणि राज्य मिळून. एवढ्यात एस.टी. स्टँडवर चहासुद्धा मिळत नाही. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे त्या दिवसाचा निम्मा हिशेब एका अंड्यात भागतो. नेमके तेच कापले.

तिजोरीत पैसा नाही म्हणावे, तर तमिळनाडूने कुठून आणला? तिथे मुलांना शाळेच्या दिवसांत रोज अंडे मिळते. सप्टेंबर 2022 मध्ये त्यांनी सकाळची न्याहारीही सुरू केली आणि पुढच्याच वर्षी ती राज्यातल्या सर्व सरकारी प्राथमिक शाळांत नेली. न्याहारीची शिफारस 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही आहे. धोरणाचा जयघोष आपल्याकडे रोज चालतो. हे पान मात्र कुणी उघडत नाही.

साताऱ्याच्या वसतिगृहातली पोरे उपाशी राहू नयेत म्हणून ते वसतिगृह चालवणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रही ठेवले नाही. तेव्हा राज्य परक्यांचे होते. आज लोकसहभागाचे धडे देणाऱ्यांना ती सबब नाही.

गावाने शाळेसाठी जरूर खर्च करावा: रंगरंगोटी करावी, पुस्तके द्यावीत. पोरांच्या पोटाचा खर्च अर्थसंकल्पातूनच झाला पाहिजे. येत्या ग्रामसभेत तसा ठराव घ्या. अंड्याचा, आणि न खाणाऱ्यांसाठी फळाचा, निधी शासनाने कायमचा द्यावा, एवढी एकच मागणी त्यात लिहा. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या, पोच घ्या, आणि दुसरी प्रत आपल्या आमदारांच्या हातात ठेवा.