शहरं तिथेच, वाट लांबली

हेलसिंकी ते टोकियो हे सरळ हवाई अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर. फेब्रुवारी २०२२ पर्यंत विमानं रशियावरून जात आणि साडेनऊ-दहा तासांत पोहोचत. मग रशियाने युक्रेनवर हल्ला केला. युरोपने रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं, रशियानेही तेच केलं. शहरं होती तिथेच राहिली. प्रवास मात्र सुमारे १३ तासांवर गेला.

फिनएअर या फिनलंडच्या कंपनीची विमानं तेव्हापासून कधी उत्तर ध्रुवावरून, तर कधी दक्षिणेकडून लांबचा वळसा घेतात. जास्त बोचतं ते हे, की यात नवं काहीच नाही. १९८३ मध्ये याच कंपनीने टोकियोची थेट सेवा सुरू केली, तेव्हा सोव्हिएत हद्द टाळण्यासाठी डीसी-१० विमानं ध्रुवावरूनच नेली जात. वेळ लागे सुमारे १३ तास! चाळीस वर्षांत विमानं कितीतरी सुधारली, पण वेळेच्या हिशेबात प्रवासी पुन्हा तिथेच येऊन बसला.

जादा इंधन जळतं, त्याचा भार तिकिटावर पडतो आणि हवेवरही.

एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने हवाई हद्द बंद केल्यावर दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या भारतीय विमानांनाही असाच वळसा पडला. म्हणून तिकीट काढताना नुसतं अंतर पाहू नका. विमान कोणत्या वाटेने जाणार, तेही विचारा.