विश्लेषण : गाडीची सीट बदलताय? एअरबॅगचे काय होणार?

नवी गाडी शोरूममधून निघते आणि घरी पोहोचण्याआधी ॲक्सेसरीजच्या दुकानासमोर उभी राहते. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की दिल्लीचे करोल बाग, तासाभरात सीटवर जाड कव्हर चढते. काही ठिकाणी तर मूळ सीट काढून बकेट सीट किंवा गोल फिरणारी कॅप्टन सीट बसवून मिळते. त्यामागे नेहमी हौसच असते असे नाही. कंबरदुखीने हैराण झालेला चालक, पाय वर उचलता न येणारी आई, ही कारणे खरी आहेत. सीटची उंची कमी-जास्त करण्याची किंवा कमरेला आधार देण्याची सोय बऱ्याच कंपन्या फक्त महागड्या व्हेरिएंटमध्ये देतात. स्वस्त व्हेरिएंटचा ग्राहक मग बाजारात जाणारच.

सीटमध्ये असते तरी काय?

घोळ इथेच होतो. दुकानदार सीटकडे सोफ्यासारखा पाहतो. प्रत्यक्षात पुढची सीट अपघाताच्या वेळी काम करणारे यंत्र आहे. ज्या गाड्यांत साइड एअरबॅग असते, त्यांतील बहुतेकांत ती सीटच्या दाराकडील कडेत शिवलेली असते. तिथे छोटे लेबलही दिसते. धडक बसताच त्या कडेची शिवण फाटून पिशवी बाहेर येते. वरून जाड रेक्झिनचे घट्ट कव्हर असेल तर तिचा मार्ग अडतो किंवा दिशा बदलते. अशा सीटसाठी त्या जागी मुद्दाम कच्ची शिवण असलेले कव्हर मिळते, पण ते मागणारे ग्राहक थोडे.

सीटबेल्टचे बक्कलही बहुतेक गाड्यांत सीटच्या सांगाड्यालाच बोल्टने जोडलेले असते. म्हणजे टक्कर झाली की माणसाच्या वजनाचा झटका सीटच्या रुळांवर येतो. मूळ सीट, तिचे रूळ आणि हेडरेस्ट यांची ताकद गाडीला मंजुरी मिळण्यापूर्वी तपासली जाते. गल्लीतल्या वेल्डिंगची ती कोण तपासतो?

सीट काढल्यावर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो. काही कारागीर वायरमध्ये रेझिस्टन्स घालून तो विझवतात. गाडीला वाटते एअरबॅग जागेवर आहे. प्रत्यक्षात ती दुकानाच्या कोपऱ्यात पडलेली असते. हा जुगाड नव्हे, फसवणूक आहे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. कव्हर बदलणे यात येत नाही. पण सात आसनी गाडीतला बाक काढून दोन कॅप्टन सीट बसवल्या की आसनसंख्या बदलते. बेकायदा बदलाला कलम १८२ अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येऊ शकतो, हे वेगळेच.

सरकारला यात काही करता येत नाही असे नाही. सीटबेल्टचा इशारा बंद पाडणाऱ्या क्लिप विक्रीतून हटवण्याचे आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ई-कॉमर्स कंपन्यांना दिले होते. सीएनजी किटला मान्यता लागते आणि त्याची नोंदही होते. मग चाचणीचा कागद दाखवल्याशिवाय सीट विकता येऊ नये, एवढे तरी व्हायला हवे.

तोवर काय करावे?

कंबर दुखत असेल तर आधी मूळ सीटचा फोम कुशनवाल्याकडून नव्याने भरून घ्यावा. एअरबॅगची कड मात्र उसवू देऊ नये. पाठीमागे छोटी उशी चालते. बुडाखाली जाड गादी नको, कारण बेल्ट मांड्यांवरून सरकून पोटावर येतो. सीट काढावीच लागली तर काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये, बॅटरी सोडवूनच करावे. सीटखालचा पिवळा कनेक्टर एअरबॅगचा असतो. आणि जुनी सीट एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू नये. पुढे गाडी विकताना किंवा आरटीओत न्यावी लागली, तर तीच परत बसवावी लागते.