बहुप्रसवा स्त्री आणि वैद्याची जिव्हा

'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' हा आशीर्वाद आपल्यापैकी अनेकांच्या आज्यांनी मान लववून घेतला आहे. आज एखाद्या नववधूस कोणी तो मनापासून दिला, तर मांडवात हशा पिकेल. याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. आठ-आठ बाळंतपणे सोसणाऱ्या त्या आज्यांना त्यांची इच्छा कोणी विचारली नव्हती, आणि आशीर्वादातील आठांमध्ये कन्येची गणनाही नव्हती. मात्र काल आठांचा आशीर्वाद देणारा समाज आज चौथ्या वेळी गर्भवती असलेल्या स्त्रीकडे ज्या नजरेने पाहतो, तिचा विचार वैद्यवर्गाने केला पाहिजे; कारण ती नजर आपल्या चिकित्सालयाच्या उंबरठ्याबाहेर थांबत नाही.

'लेंढार', 'पलटण', 'क्रिकेटचा संघ' हे शब्द एस.टी.च्या बसमध्ये, रेशनच्या रांगेत, लग्नकार्यात सहज कानी पडतात. बोलणारे बहुधा दुष्ट नसतात. आपण काही लोकहिताचेच बोलत आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. पण हे शब्द कोणास उद्देशून उच्चारले जातात ते पाहावे. पित्याची थट्टा होते, आणि तीत पौरुषाचे थोडे कौतुकही मिसळलेले असते. लाज मात्र मातेने बाळगावयाची. पुन्हा, बागायतदाराच्या वाड्यात चार मुले खेळत असली की 'घर कसे भरलेले आहे' असे म्हणतात. ऊसतोड मजुराच्या कोपीबाहेर तेवढीच मुले दिसली की ते लेंढार होते. तेव्हा आक्षेप संख्येला आहे की दारिद्र्याला, हे ज्याचे त्याने तपासावे.

आपले ग्रंथ याविषयी काय सांगतात, असा प्रश्न हमखास येतो आणि उत्तर देणारा सोयीचे पान उघडतो. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या दुसऱ्या अध्यायात, वाजीकरणाच्या प्रकरणी, निरपत्य पुरुषास सावली नसलेल्या एकशाखी वृक्षाची उपमा दिली आहे आणि बहुप्रज पुरुषाचा अनेक मुखांचा, अनेक नेत्रांचा म्हणून गौरव केला आहे. हे वचन पुढे करून मोठ्या कुटुंबाचे मंडन करणारे व्याख्याते आपण ऐकले आहेत. परंतु ते वर्णन पुरुषाचे आहे, आणि जन्मलेल्यांपैकी किती जगतील याची शाश्वती नव्हती त्या काळातले आहे. त्याच संहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, सूतिकेचे व्याधी कष्टसाध्य वा असाध्य का होतात ते सांगितले आहे: गर्भाच्या वाढीने धातू शिथिल झालेले असतात, प्रवाहणाच्या वेदनांनी आणि क्लेद-रक्ताच्या स्रावाने शरीर शून्यवत् झालेले असते. पहिले वचन ज्यांना मुखोद्गत आहे, त्यांनी हे दुसरेही पाठ करावे.

हे शैथिल्य पाचव्या प्रसूतीच्या वेळी काय करते, हे आधुनिक प्रसूतिशास्त्रानेही नोंदविले आहे. वारंवार ताणले गेलेले गर्भाशय प्रसूतीनंतर नीट आकुंचन पावत नाही आणि रक्तस्राव आटोक्याबाहेर जातो. अपरा खाली, गर्भाशयमुखाशी रुजण्याची शक्यता वाढते. पुढे गर्भाशयभ्रंश आहेच. त्यात आपल्या देशातील पांडुतेची भर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. म्हणजे जिला सर्वाधिक देखरेख हवी, ती हीच बहुप्रसवा होय. आणि समाजाच्या नजरेमुळे तपासणीस सर्वांत उशिरा येते तीही हीच.

काही काळापूर्वी पायांवरील सूज दाखवावयास एक स्त्री आली. पाचवी खेप, सातवा महिना, कोठेही नाव नोंदविलेले नाही. कारण विचारले तेव्हा म्हणाली, "तिकडं लय बोलत्यात, डॉक्टर." चौथ्या वेळी तपासणीस गेली असता भरल्या बाकांसमोर तिला 'नवऱ्याला आवरता येत नाही का' असे विचारले गेले होते. त्या एका वाक्याने सात महिन्यांच्या तपासण्या बुडाल्या. तिचे हिमोग्लोबिन सातच्याही खाली होते. पुढे तिला रक्त द्यावे लागले. अशा स्थितीत केवळ लोहकल्पांवर विसंबून राहणे योग्य नव्हे. चिठ्ठी देऊन, शक्य तर दूरध्वनी करून, तिला रुग्णालयात पोहोचविणे हीच चिकित्सा. आपल्यातील पुष्कळ पदवीधर आज प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय अधिकारी म्हणून, उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करीत आहेत. तेव्हा 'बोलणारे' दुसरेच कोणी आहेत असे समजून आपणास सुटका करून घेता येणार नाही.

समाजाचा उपहास कोणाच्या वाट्यास येईल हे काळाबरोबर बदलत गेले आहे, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविले, तेव्हा थोडी मुले असावीत असे म्हणणे हेच पाप होते. त्यांना प्राध्यापकपद सोडावे लागले, अश्लीलतेचे खटले सोसावे लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे आपल्या आईवडिलांचे चौदावे अपत्य. त्यांच्याच स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. या मंडळींची तळमळ स्त्रीच्या देहाच्या आणि दरिद्री घरांच्या हालांसाठी होती. १९५२ मध्ये कुटुंबनियोजन सरकारी कार्यक्रम झाला आणि हळूहळू हालांची जागा आकड्यांनी घेतली. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत बहुसंख्य पुरुष होते. १९७६ मध्ये तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमत केले होते, याचे आज फारच थोड्यांना स्मरण आहे. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळले. त्या जुलमाची प्रतिक्रिया अशी झाली, की पुरुषांनी शस्त्रक्रियेकडे पाठ फिरविली आणि सगळा भार स्त्रीवर आला. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात स्त्री-नसबंदीचे प्रमाण सुमारे ३८ टक्के आढळले, पुरुष-नसबंदीचे ०.३ टक्के. शस्त्रक्रिया पुरुषाची अधिक सोपी आहे, हे येथे वेगळे सांगावयास नको.

पुढे दंडाची पद्धत सौम्य झाली, गेली नाही. सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्यास स्थानिक स्वराज्य संस्थांची निवडणूक बंद झाली; २००५ मध्ये शासकीय सेवेसाठी लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाचे नियम आले. अशाच नियमांचा अन्य पाच राज्यांतील परिणाम निर्मला बुच यांनी अभ्यासला, तेव्हा पद टिकविण्यासाठी पत्नीस दूर लोटणे, अपत्य दत्तक दिल्याचे दाखविणे, गर्भपात करविणे असे प्रकार समोर आले. सर्वांत चमत्कारिक तरतूद २०१७ च्या प्रसूतिलाभ दुरुस्ती कायद्यातील. पहिल्या दोन अपत्यांसाठी मातेस २६ आठवड्यांची रजा, तिसऱ्यासाठी १२. तिसऱ्या खेपेस गर्भाशय दुप्पट वेगाने पूर्ववत होते, किंवा तिसऱ्या बालकास स्तन्य कमी लागते, असा काही नवा सिद्धान्त कोणास ठाऊक असल्यास त्याने तो जरूर कळवावा.

बरे, हा रोष ज्या भयापोटी आहे ते भय तरी उरले आहे काय? १९९२-९३ मध्ये देशाचा एकूण जननदर ३.४ होता, तो २०१९-२१ मध्ये २.० वर आला, महाराष्ट्राचा १.७ झाला. विशिष्ट धर्मीयांकडे बोट दाखविणे हा तर गप्पांचा नेहमीचा विषय. त्याच सर्वेक्षणांनुसार या काळात मुस्लिमांचा दर ४.४ वरून सुमारे २.४ वर आणि हिंदूंचा ३.३ वरून १.९ वर आला, म्हणजे अंतर राहिले असले तरी ते पुष्कळ कमी झाले. २०२४ पासून तर वारा उलटाच वाहू लागला आहे. आंध्र प्रदेशाने त्या वर्षी स्थानिक निवडणुकांतील दोन अपत्यांची अट रद्द केली, आणि अधिक मुले होऊ द्या असे आवाहन व्यासपीठांवरून ऐकू येऊ लागले. चीनने एका अपत्यावरून २०१६ मध्ये दोनावर आणि २०२१ मध्ये तीनावर येऊन हीच कसरत केली. काल थांबा म्हणणारे आज वाढवा म्हणतात. गर्भाशय ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हे गृहीतक दोन्ही वेळा तेच.

आता आपल्या व्यवसायातील एका अप्रिय गोष्टीकडे वळणे भाग आहे. 'चार मुली आणि शेवटचा मुलगा' अशी कुटुंबे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांना लोक 'कळत नाही का यांना' म्हणून हसतात आणि पाचवा मुलगा झाला की त्याच्याच बारशाचे पेढे खातात. त्या चार खेपांमध्ये पुत्रप्राप्तीची औषधे कोणी दिली? पुंसवनाच्या नावाखाली पुड्या देणारे, जाहिरातीत 'खात्रीशीर' असे सूचकपणे छापणारे लोक आपल्या पदवीचा आधार घेत आले आहेत. अपत्याचे लिंग गर्भधारणेच्या क्षणीच पुरुषबीजातील गुणसूत्राने निश्चित होते. त्यानंतर दिलेल्या औषधाने ते पालटते असे सांगणे ही वंचना आहे, आणि संहितेतील उल्लेखाची ढाल तिला पुरणार नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ मध्ये कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. तरी शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मधील ९४६ वरून २०११ मध्ये ८९४ वर घसरली. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात 'नकुशी' नावाच्या दोनशेहून अधिक मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली. ज्याला गर्भलिंगनिदान परवडले त्याचे कुटुंब 'आदर्श' चौकोनी झाले. ज्याला परवडले नाही, किंवा ज्याच्या विवेकास ते पटले नाही, त्याच्या घरी पाच मुले झाली. व्याधी एकच, लक्षणे दोन. आणि समाज लाजवितो तो दुसऱ्याला.

असो. प्रस्तुत लेखक बहुअपत्यतेचा पुरस्कर्ता नाही. दोन प्रसूतींत पुरेसे अंतर असावे, जागतिक आरोग्य संघटनेने जन्मानंतर पुढील गर्भधारणेस किमान २४ महिने जाऊ द्यावेत असे सुचविले आहे, हे प्रत्येक दांपत्यास सांगितलेच पाहिजे. सुश्रुताचार्यांनी स्त्रीसाठी सोळा वर्षांची मर्यादा घातली. आज कायदा अठरा म्हणतो, आणि तरीही सर्वेक्षणातील २० ते २४ वयाच्या महाराष्ट्रीय स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांचे विवाह अठराच्या आत झालेले होते. मुले किती यापेक्षा पहिले मूल कोणत्या वयात, हा प्रश्न वैद्याने अधिक निकराने विचारावा.

परंतु जे दांपत्य प्रौढ आहे, ज्या स्त्रीस साधनांची माहिती आहे आणि 'नको' म्हणण्याचे बळही आहे, त्यांनी विचारपूर्वक चार वा पाच मुले हवीत असे ठरविले, तर? अशी दांपत्ये थोडी आहेत. पण शहरांतही आहेत, आणि त्यांना अडाणी ठरविताना कोणी क्षणभरही थांबत नाही. त्यांचे पांडित्य वा श्रद्धा तपासणे आपले काम नव्हे. धोका सांगावा, अंतर सुचवावे, रक्त तपासावे, प्रसूती रुग्णालयातच होईल असे पाहावे. येथे आपला अधिकार संपतो. (हीच नजर अपत्यहीन दांपत्यांवरही रोखलेली असते, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) अवघड प्रश्न निराळाच आहे: समोरच्या स्त्रीची इच्छा खरोखर तिची आहे की सासूची, पतीची, भयाची, हे ओळखावे कसे? ते भरल्या खोलीत, नातलगांसमोर कधीच कळत नाही. तिला पाच मिनिटे एकटीला बसवून विचारल्यासच कळते, आणि जिच्यावर आल्याआल्या शब्दांचा मारा झाला ती त्या पाच मिनिटांतही काही बोलत नाही.

संघटनेच्या येत्या वार्षिक सभेत दोन सूचना मांडण्याचा विचार आहे. पुत्रप्राप्तीची हमी देणाऱ्या वा सुचविणाऱ्या सभासदाचे सभासदत्व चौकशीअंती रद्द करावे, ही पहिली. दुसरी सूचना केसपेपरविषयी आहे: गर्भिणीच्या केसपेपरवर 'अपत्ये किती' या रकान्याच्या जोडीस 'मागील प्रसूतीस किती महिने झाले', 'त्या वेळी रक्तस्राव किती झाला' आणि 'रुग्णा एकटी असताना विचारणा केली काय' असे तीन रकाने संघटनेने छापून घ्यावेत. सभासदांनी आपली अनुकूल व प्रतिकूल मते सभेपूर्वी त्रैमासिकाच्या पत्त्यावर लेखी पाठवावीत.