पटावर कोण कोण आहे?

उन्हाळ्याच्या सुट्टीत बोर्डाचे निकाल लागतात आणि काही दिवस घरोघरी एकच विषय चालतो. अमुक शाळेचा निकाल शंभर टक्के, तमुक शाळेचा साठ टक्के, असे आकडे चहाच्या कपाबरोबर हातोहात फिरतात. त्यांवरून शाळांची प्रतवारी ठरते आणि सरकारी शाळा बहुधा त्या प्रतवारीच्या तळाशी जाऊन बसते. सरकारी शाळेत हयात घालवलेल्या माझ्यासारख्या मुख्याध्यापकाने त्यावर काही लिहिले, तर ते आपल्याच शाळेचे वकीलपत्र वाटण्याचा संभव आहे. तरीही या महिन्यात तो आकडाच थोडा तपासून पाहावा, असे मनात आहे. टक्केवारी हे शेवटी भागाकाराचे उत्तर असते आणि भागाकारात अंशाइतकेच महत्त्व छेदाला असते. किती मुले उत्तीर्ण झाली हे आपण आवर्जून विचारतो. ती कितीपैकी आणि ती मुले कोण, हे मात्र सहसा विचारीत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका वर्गात ४० मुले आहेत आणि त्यांतील ३६ उत्तीर्ण झाली. निकाल ९० टक्के. पुढे त्याच शाळेने शिक्षणाचा गंध नसलेल्या घरांतील आणखी २० मुले आणून वर्गात बसवली, त्यांच्यावर मेहनत घेतली आणि त्यांतील १२ उत्तीर्ण झाली. जुन्या मुलांचे यश तिळमात्र कमी झालेले नाही. आता ६० पैकी ४८ उत्तीर्ण, म्हणजे निकाल ८० टक्के. आकडा दहा अंकांनी घसरला. पण १२ घरांत पहिल्यांदाच परीक्षा उत्तीर्ण झालेले मूल निपजले. ही शाळा खालावली म्हणायची की वर चढली? उलटपक्षी, कच्च्या मुलांना अलीकडच्याच इयत्तेत अडकवून ठेवले, काहींना दाखला घेऊन जाण्याचे सुचवले आणि काहींना बाहेरून परीक्षेस बसवले, की त्याच शाळेचा निकाल शंभर टक्क्यांना टेकवता येतो. त्यासाठी एकाही मुलाला एक अक्षरही अधिक शिकवावे लागत नाही.

हा छेदाचा प्रश्न आपल्या बडोद्याला नवा नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८८१ साली राज्याधिकार हाती घेतले आणि १८९३ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभला. तो राजधानीत न करता काठेवाडातील अमरेली तालुक्याच्या अवघ्या दहा गावांत केला, यात मोठे शहाणपण होते. आठ वर्षे तो प्रयोग चालवून १९०१ साली सबंध तालुक्याला लागू करण्यात आला आणि १९०६ साली सबंध राज्याला. मुलांना बारा वर्षांपर्यंत व मुलींना दहा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची झाली. मूल न पाठवणाऱ्या पालकांना दंड बसू लागला.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ विधिमंडळात सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली, तेव्हा बडोद्याचेच आकडे पुढे ठेवले होते. शाळेच्या वयाच्या मुलांपैकी बडोद्यात ७९.६ टक्के शाळेत होते, तर ब्रिटिश हिंदुस्थानात २१.५ टक्के, मुलींमध्ये हेच प्रमाण बडोद्यात ४७.६ टक्के आणि ब्रिटिश हिंदुस्थानात केवळ ४ टक्के. गोखल्यांचे विधेयक मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ज्या आकड्यांचा त्यांना अभिमान वाटला, ते परीक्षेच्या निकालाचे नव्हते, पटाचे होते. शाळेत कोण आले, हा त्या पिढीपुढचा पहिला प्रश्न होता.

आणि या प्रश्नाचे उत्तर सोपे नव्हते. त्या वेळच्या भाषेत ज्यांना ‘अंत्यज’ म्हणत, त्या समाजांतील मुलांसाठी बडोदे सरकारने १८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच शाळा काढल्या. पण तेथे शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. इमारत, फळा, पाट्या हे सर्व दरबार देऊ शकत होता; शेजारी बसण्याची तयारी मात्र हुकुमाने निर्माण होत नव्हती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा १९१७ साली केला आणि अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांबरोबर बसवण्याचा हुकूम १९१९ साली काढला. मुले शाळेत येणे ही पहिली पायरी. ती एका वर्गात येणे ही दुसरी.

तिसरी पायरी शिकलेले टिकण्याची. चार इयत्ता झाल्या, मूल शेताकडे वळले, घरात कागदाचा कपटा नाही, मग अक्षर किती काळ राहणार? हे ओळखूनच महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना पाचारण केले आणि राज्यात गावोगावच्या वाचनालयांचे व फिरत्या ग्रंथपेट्यांचे जाळे विणले. शाळेचे काम घराच्या दारापाशी संपत नाही, हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बडोद्यात कळले होते.

घर आणि शाळा यांच्या या नात्याचे एक फार मोठे मोजमाप पुढे अमेरिकेत झाले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यान्वये तेथील सरकारने जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञांकडे शाळांची पाहणी सोपवली. सुमारे चार हजार शाळा आणि सहा लाखांवर विद्यार्थी तपासून १९६६ साली जो अहवाल निघाला, त्याने अनेकांना चकित केले. इमारती, प्रयोगशाळा, पुस्तके यांतील फरकांपेक्षा मुलाच्या घरची परिस्थिती त्याच्या गुणांशी अधिक जोडलेली आढळली. त्याचबरोबर आणखी दोन गोष्टी दिसल्या. मुलाचे सोबती कोण आहेत, त्यांच्या घरी शिक्षणाची आस किती आहे, याचा परिणाम त्याच्यावर होतो. आणि चांगल्या शिक्षकाचा लाभ सुस्थितीतील मुलापेक्षा वंचित घरातील मुलाला अधिक होतो. त्या अहवालावर पुढे पुष्कळ वाद झाले; पण वर्गात कोण बसले आहे हे न पाहता शाळेची परीक्षा करता येत नाही, हा त्याचा धडा अनुभवी शिक्षकाला सहज पटावा.

आता आपल्याकडे पाहू. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या कोणत्याही मुलाला सरकारी शाळा नाही म्हणू शकत नाही, आणि म्हणूही नये. शाळा सुटलेले मूल दहाव्या वर्षी आले, तर त्याला वयाला साजेशा इयत्तेत बसवावे लागते. दाहोद-पंचमहालाकडून बांधकामावर आलेल्या मजुरांची मुले येतात; त्यांची घरची बोली निराळी, पाठ्यपुस्तकाची भाषा निराळी. होळीला कुटुंब गावी जाते आणि हजेरीपटावर ओळीने गैरहजेरीच्या खुणा पडतात. या मुलांच्या घरी गृहपाठ तपासणारे कोणी नाही. ज्या शाळा प्रवेशाच्या वेळी आईवडिलांचीच मुलाखत घेतात, त्यांच्या निकालाशेजारी या शाळेचा निकाल मांडणे, म्हणजे आंबराईतील झाड आणि खडकावरचे झाड यांची फळे मोजणे होय.

यातून सरकारी शाळांना सबब मिळते, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. ग्रामीण भारतात केल्या जाणाऱ्या ‘असर’ पाहणीत २०१८ साली पाचवीतील सुमारे निम्म्याच मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला होता, आणि टाळेबंदीनंतर २०२२ साली हे प्रमाण आणखी घसरले. मूल गरीब घरचे आहे म्हणून त्याला वाचता येत नाही, असे म्हणण्याचा अधिकार शिक्षकाला नाही. ज्याला शाळेवाचून दुसरा आधार नाही, त्याचे सर्वांत मोठे नुकसान वाईट शिक्षकाने होते; हीच तर कोलमन यांच्या निष्कर्षाची दुसरी बाजू आहे.

राहता राहिला आपला, म्हणजे या मासिकाच्या वाचकांचा प्रश्न. दांडिया बाजार, वाडी, राजमहाल रोड या भागांतील आपल्या कित्येक घरांत आजोबा-पणजोबा सरकारी शाळेत शिकलेले आढळतील. आज त्याच घरांतील नातवंडे तेथे अभावानेच दिसतात. कोणी आपल्या मुलाला कोठे घालावे, हा ज्याचा त्याचा अधिकार आहे आणि त्याबद्दल बोल लावण्याचे मला कारण नाही. परंतु आपण त्या शाळांतून निघालो, तेव्हा केवळ आपली मुले निघाली नाहीत. वर्तमानपत्र येणारी, पुस्तकांचे कपाट असलेली, शिक्षकाला चार प्रश्न विचारण्याची धमक असलेली घरेही त्या वर्गांतून निघून गेली. मागे राहिलेल्या मुलाचा शेजार त्या प्रमाणात रिता झाला. मग त्या वर्गाच्या टक्केवारीला नाके मुरडणे आपल्याला शोभत नाही.

म्हणून यापुढे एखाद्या शाळेचा निकाल कानी आला, तर वाचकांनी तीन प्रश्न विचारावेत. पहिलीत दाखल झालेल्यांपैकी किती मुले दहावीच्या परीक्षेपर्यंत पोहोचली? त्यांतील किती घरांत हे पहिलेच शिकणारे मूल आहे? आणि आलेले मूल जेथे होते, तेथून किती पुढे गेले? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे चांगली देणारी शाळा साठ टक्क्यांचीही असू शकते. तशी एखादी शाळा आपल्या गल्लीच्या टोकाला असेल, तर निवृत्त मंडळींनी आठवड्यातून एक तास तेथे जाऊन दोन मुलांचे वाचन ऐकावे. तेथे वाचन ऐकणाऱ्या कानांची फार वाण आहे.